टंकीवाली बुआ आणि शेवटची बारा मिनिटं

घाटेकाकू बाल्कनीत येऊन उभ्या राहिल्या की आपल्या तराजूचा काटा थरथरतो, असं आमच्या विकास नगरातला भाजीवाला सांगायचा. "माताजी, आप बस देखिए मत, तौल सही रहेगी," असं तो हात जोडून वर बघत म्हणे. काकू पहिल्या मजल्यावरून उत्तर द्यायच्या, "मैं तेरेको किदर देखती? मैं तो भेंडी देखती. जून है. नक्को." लखनौत पंचवीस वर्षं काढूनही त्यांची हिंदी मिरज स्टेशनाच्या बाहेर पडली नव्हती. समोरचा माणूस 'आप' आणि 'इनायत' करत कमरेत वाकायचा आणि काकू ताठ उभ्या राहून 'नक्को' म्हणायच्या. भांडण मात्र कधी झालेलं मला आठवत नाही. त्या शहरात इतकं सरळ कोणी बोलतच नसल्यामुळे लोकांना ते खानदानी वाटत असावं.

आम्ही त्यांच्या खालच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो ते २००१ साली. मी एका संशोधन संस्थेत शेवाळावर काम करत होतो. पहिल्याच दिवशी काकूंनी विचारलं, "काय करता आपण?" मी जरा खुलवून सांगितलं. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "म्हणजे आम्ही न्हाणीतनं घासून काढतो ते." त्यानंतर माझ्या संशोधनाबद्दल आमच्यात कधी बोलणं झालं नाही. घाटेसाहेब रेल्वेत सिग्नल खात्यात इंजिनिअर होते आणि निवृत्तीला आले होते. लाल, पिवळा, हिरवा यापलीकडे माणसाला काही सांगायची गरज पडते यावर त्यांचा विश्वास नव्हता. प्रश्न विचारला की ते मानेनं सिग्नल द्यायचे.

काकू उंच, सडसडीत, काठीसारख्या सरळ. फिक्या रंगाच्या सुती साड्या. डोळे मोठे आणि पापणी लवायची जवळजवळ नाहीच. आणि त्या हसत नसत. रागीट होत्या म्हणून नव्हे. विनोद त्यांना कळायचा, आवडायचा, चेहरा फक्त तसाच राहायचा. माझ्या बायकोनं, सुषमानं, एकदा धीर करून विचारलंच. काकू म्हणाल्या, "आमच्या माहेरी हसायची पद्धत नव्हती. घाट्यांकडं रडायची नाही. त्यामुळं कुठं अडलं नाही."

"पण मग तुम्हाला हसू येतं तेव्हा?"

"मी आतनं हसते की."

ते आतलं हसू ओळखायची खूण सुषमानंच शोधून काढली. काकूंच्या कमरेला, साडीच्या ओच्याशी, एक लाकडी फणी खोचलेली असायची. आतून हसू आलं की त्यांचा हात त्या फणीवर जायचा. मी तीन वर्षांत ओळखलं नाही ते तिनं तीन आठवड्यांत ओळखलं. मी शेवाळाकडे बघायला शिकलेला माणूस, त्याला चेहरा नसतो.

फणी तिथं असायचं कारण वेगळं होतं. कोणाची मोकळ्या केसांची मुलगी दिसली की काकू बाल्कनीतून बोट दाखवायच्या. "ए. इदर आ." मुलगी कोणाची, ओळखीची की पाहुणी, हा प्रश्न नसे. ती वर जायची आणि अर्ध्या तासानं तेल चोपडलेल्या दोन घट्ट वेण्या घेऊन खाली यायची. आमची मुक्ता सुषमाच्या हातून केस विंचरून घेताना अख्खी गल्ली गोळा करायची, काकूंच्या पुढ्यात मात्र मांजरासारखी बसायची. त्या हातांना त्यांच्या चेहऱ्याची कल्पना नसावी, इतके ते हात मऊ होते.

दर रविवारी सकाळी दहाला काकूंच्या बाहेरच्या खोलीत मराठीचा वर्ग भरायचा. आसपासच्या सेक्टरांतल्या मराठी घरांतली अकरा मुलं. कोणाचे वडील रेल्वेत, कोणाची आई विद्यापीठात, आणि मुलं सगळी अशी की मराठीत विचारावं, हिंदीत उत्तर घ्यावं. कॉलनीतल्या इतर पोरांनी 'काकू' हेच त्यांचं नाव समजून 'काकू आंटी' म्हणायला सुरुवात केली होती, आपलीही तसंच म्हणत. आम्ही पालक बाहेर सांगायचो, भाषा टिकली पाहिजे. खरं कारण, रविवारचे दोन तास घर शांत मिळायचं.

वर्गाचा नियम एकच. हजेरीला 'हजर' म्हणायचं. 'प्रेज़ेंट' किंवा 'यस आंटी' म्हणणारा समोर बसलेला असला तरी वहीत गैरहजर लागायचा. एकदा एकानं विचारलं, "काकू आंटी, 'ळ' से क्या होता है?" काकू म्हणाल्या, "ळ से कुछ नहीं होता. ळ शुरू में आताच नहीं. बीच में कहीं चुपचाप बैठता है. अपने जैसा." वर्ग संपला की खोबऱ्याची वडी. ती देताना काकूंचा डावा हात फणीवर असायचा.

तर हे असं सुरळीत चाललेलं असताना अस्थानाजी आले.

अस्थानाजी समोरच्या गल्लीत राहत. शाळांमधून मुलांची नाटकं बसवत. शहरातल्या एका छोट्या केबल चॅनेलनं त्यांना मुलांसाठी एक भुताची फिल्म करायला सांगितली होती. आता ते चॅनेल नाही, त्यामुळे नाव सांगूनही उपयोग नाही. फिल्मचं नाव होतं 'टंकी वाली बुआ'. कॉलनीतल्या पाण्याच्या उंच टाकीच्या जिन्यावर संध्याकाळी एक बाई उभी असते, मोकळ्या केसांच्या मुलींना बोट दाखवून वर बोलावते आणि सगळी कॉलनी तिला घाबरून असते, अशी गोष्ट. टाकी आमच्याच सेक्टरातली वापरायची होती. बाईसाठी ते आठवडाभर शहर धुंडाळत होते. एका दुपारी घरी परतताना त्यांनी मान वर केली आणि काकू कोणाला तरी म्हणत होत्या, "ए. इदर आ."

ते तसेच जिना चढून वर गेले. मी तेव्हा वर्तमानपत्र परत करायला वर गेलो होतो, म्हणून मला हे प्रत्यक्ष ऐकायला मिळालं. अस्थानाजींनी फार सुंदर हिंदीत बराच वेळ प्रस्ताव मांडला. काकूंनी विचारलं, "भूत अच्छा है क्या वाईट?"

"माताजी, पूरी फ़िल्म में सब समझते हैं कि बुरा है. मगर आख़िर में पिंकी हिम्मत करके ऊपर जाती है. और बुआ क्या करती हैं? बस उसे पास बिठाकर चोटी बना देती हैं. लाल रिबन बाँधती हैं और मुस्कुराकर ग़ायब हो जाती हैं. आख़िरी बारह मिनट में बच्चे रो देंगे, माताजी. प्यार से."

काकूंनी घाटेसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी हिरवा सिग्नल दिला.

"शेवटी चांगलं निघतंय ना, मग करते," काकू मला म्हणाल्या. जणू मी अडवत होतो.

चित्रीकरण तीन संध्याकाळी झालं. साडी काकूंची स्वतःची, फणी स्वतःची. पहिल्या दिवशी रंगभूषा करायला एक बाई आली होती. अस्थानाजींनी काकूंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि तिला परत पाठवलं. "रहने दीजिए, ज़रूरत नहीं है." काकूंना ही स्तुती वाटली आणि पुढं कित्येकांना त्यांनी ती तशीच सांगितली. संवाद तीन शब्दांचा. 'इधर आओ, बिटिया' असं लिहिलेलं होतं. तासभर तालीम करून अस्थानाजींनी कागदावर काट मारली आणि 'इदर आ' लिहिलं.

शेवटचा प्रसंग वर, जिन्याच्या पहिल्या टप्प्यावर घ्यायचा होता. तिथं जागाच नव्हती. म्हणून अस्थानाजी, पिंकीचं काम करणारी त्यांची भाची, काकू आणि कॅमेरामन तिवारीजी एवढेच वर गेले. तासाभरानं तिवारीजी खाली आले आणि कोणाशी न बोलता त्यांनी लागोपाठ दोन कप चहा घेतला. प्रसंग हृदयस्पर्शी झाला असणार, असा अंदाज मी केला. माझे अंदाज साधारण या दर्जाचे असतात.

फिल्म लागली २००३ च्या उन्हाळ्यात, एका रविवारी संध्याकाळी पाच वाजता. अख्खा मराठी वर्ग आमच्या घरी जमला, कारण त्याच महिन्यात मी इन्व्हर्टर घेतला होता. लाइट कधीही जायची ते दिवस. मी प्रत्येक आल्यागेल्याला बॅटरी दाखवून पाण्याची पातळी कशी बघायची ते समजावत असे. काकू स्वतः बघायला आल्या नाहीत. "आपणच आपल्याला काय बघायचं?" त्या वर वड्या थापत होत्या. फिल्म संपली की ताट घेऊन खाली यायचं, असं ठरलं होतं.

फिल्म चांगली होती, हे मला आधीच सांगून टाकलं पाहिजे. पैसा नव्हता तरी चांगली होती. टाकी आमचीच, रस्ता आमचाच, त्यामुळे मुलं पहिल्या पाच मिनिटांतच एकमेकांना चिकटून बसली. काकू जिन्यावर नुसत्या उभ्या होत्या. हलत नव्हत्या, ओरडत नव्हत्या. कॅमेरा हळूहळू जवळ जायचा आणि त्या पापणी न हलवता बघत राहायच्या, बस. चाळीसाव्या मिनिटाला पिंकीनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला. वरून काकू वाकल्या, बोट पुढं आलं. "इदर आ."

आणि लाइट गेली.

माझा इन्व्हर्टर तत्क्षणी चालू झाला. पंखा फिरला, टीव्ही चालू राहिला, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. खांबावरच्या केबलवाल्याच्या बूस्टरला इन्व्हर्टर नसतो, ही गोष्ट मला त्या क्षणी समजली. मुलं त्या मुंग्यांकडे बघत गप्प बसली होती. एवढ्यात दार वाजलं. वर काकूंना वाटलं असणार, लाइट गेली म्हणजे फिल्म राहिली, निदान वड्या तरी देऊन याव्यात.

मी दार उघडलं. तीच साडी, तीच फणी. हातात ताट. आणि कोपऱ्यात आक्रसलेल्या मुलांना बघून काकू जरा वाकल्या आणि मायेनं म्हणाल्या, "या रे. इकडं या."

पुढचं अर्धं मिनिट मी नीट सांगू शकत नाही, कारण मी स्वतः दोन पावलं सोफ्याच्या मागे सरकलो होतो. किंकाळ्या, मागचं दार, एक चप्पल, मग शांतता. काकू ताट धरून उभ्या होत्या. सुषमा पुढं झाली आणि तिनं एक वडी उचलली. ती त्या संध्याकाळी खाल्लेली एकुलती एक वडी.

पुढच्या रविवारी वर्गाला दोन मुलं आली. त्यानंतर एकही नाही. आम्ही आमच्या कारणांवर पांघरूण घातलं. कोणी म्हणालं ट्यूशन लागली, कोणी म्हणालं पोहायला घातलंय. मी मुक्ताला चित्रकलेच्या क्लासला घातली. तिला चित्रकलेत रस नव्हता, मलाही नव्हता. त्याआधी एकदा तिला जवळ बसवून, शास्त्रज्ञ बापाच्या थाटात, भूत का असू शकत नाही हे मी पाऊण तास समजावलं होतं. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "अच्छा. तो फिर ऊपर कौन रहता है?"

खाली आमच्या स्वयंपाकघरात रविवारी दहा वाजता वरचं ऐकू यायचं. काकू वही उघडून हजेरी घ्यायच्या. नाव, मग थोडा वेळ, मग "गैरहजर." अकरा वेळा. सुषमा गॅस बारीक करून उभी राहायची. दोन महिन्यांनी तेही थांबलं. आणखी एक बदल झाला, तो आमच्या लक्षात यायला वेळ लागला. शाळा सुटायच्या वेळी काकू बाल्कनीतून आत जाऊ लागल्या. मुलं खालून निघून गेली की परत बाहेर.

माझ्याशी त्या याबद्दल एकदाच बोलल्या. "पाटणकर, त्यांनी शेवट बघितला नाही. एवढंच झालंय. मी शेवटी चांगली आहे. बारा मिनिटं बघितली की पोरं येतील."

त्या बारा मिनिटांसाठी त्यांनी काय काय केलं! अस्थानाजींना पुन्हा लावायला सांगितलं. त्यांनी मान खाली घातली, शहरभरच्या आयांनी चॅनेलकडे तक्रारी केल्या होत्या. मग घाटेसाहेबांच्या स्कूटरवर मागे बसून, डोक्याला रुमाल बांधून, दर महिन्याला चॅनेलच्या ऑफिसात फेरी. तिथला माणूस दर वेळी म्हणायचा, "माताजी, अगले हफ़्ते कैसेट निकलवा देंगे." काकू घरी येऊन मला सांगायच्या, "फार नम्र मुलगा आहे. देणार नाही." मग अस्थानाजी मुंबईला मालिका करायला गेले. मग चॅनेलच बंद पडलं. स्कूटरची फेरी संपली. काकूंनी त्यानंतर फिल्मचं नाव काढलं नाही. वही तेवढी देवघराशेजारच्या कोनाड्यात राहिली. मी दिवाळीचा फराळ द्यायला गेलो की ती दिसायची, आणि मी इन्व्हर्टरबद्दल काहीतरी बोलून खाली यायचो.

अकरा मुलं मोठी झाली. मराठी त्यांची होती तेवढीच राहिली, म्हणजे समजण्यापुरती. आम्हीही पुढं वृंदावन योजनेत स्वतःचं घर घेतलं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. काकूंकडे जाणं महिन्यावरून सणावर आलं.

मुक्ता इंजिनिअरिंगला पुण्याला गेली आणि २०१६ च्या सुट्टीत घरी आली ती लॅपटॉप पुढं करतच. "बाबा, ये देखो." लहानपणी टीव्हीवर पाहिलेल्या आणि आता कुठेच न सापडणाऱ्या कार्यक्रमांचा शोध घेणाऱ्यांचा इंटरनेटवर एक गट होता. त्यात 'टंकी वाली बुआ'वर भांडण जुंपलं होतं. कोणी म्हणत होतं अशी फिल्म नव्हतीच, लखनौच्या पोरांना स्वप्न पडलं असेल. कोणी शपथेवर टाकीचं वर्णन करत होतं. लखनौतल्याच राजाजीपुरममधल्या एकानं लिहिलं होतं, 'सबसे डरावना तो एंड था. मैं तीन दिन मम्मी के पास सोया.'

"हा दुसऱ्याच कशाचा तरी घोळ घालतोय," मी म्हणालो. "शेवट प्रेमळ आहे. काकूंनी स्वतः सांगितलंय."

मुक्तानं तिथं एकच ओळ लिहिली होती, 'वो हमारे ऊपर रहती थीं.' त्यावर अख्खा गट तुटून पडला होता. आणि त्यातल्याच एका चिवट मुलानं तिवारीजींचा पत्ता काढला होता. ते निवृत्त होऊन राहत होते वृंदावन योजनेतच, आमच्यापासून दोन सेक्टर पलीकडे. मी रोज सकाळी त्यांच्या घरावरून फिरायला जात होतो.

तिवारीजींनी चॅनेल बंद पडताना टेपची एक पेटी घरी आणली होती. मी फिल्मचं नाव काढल्यावर त्यांनी मान हलवली. "नहीं है, भाई साहब. नई टेप मिलती कहाँ थी? उसी पर आलू की खेती चढ़ा दी." मी उठायला लागलो. त्यांनी मला हातानं बसवलं. "सुनिए तो. फ़िल्म बावन मिनट की थी. आलू अड़तीस मिनट के हैं. पूँछ बची होगी."

मला हिशोब समजायला वेळ लागला. मुक्ताला लागला नाही. वरून बटाटे चढले होते आणि खाली शिल्लक होता तो नेमका शेवट.

एका रविवारी सकाळी तिवारीजींच्या बैठकीत आम्ही जमलो. वर्गातल्या अकरांपैकी पाच जण लखनौत होते किंवा सुट्टीला आलेले, ते आले. एक जण नोकरीला लागलेला, एकीचं लग्न ठरलेलं. घाटेसाहेब आले, आता काठी घेऊन. काकू इस्त्रीची साडी नेसून, मांडीवर वड्यांचा डबा आणि एक कापडी पिशवी ठेवून, सगळ्यात पुढच्या खुर्चीवर बसल्या. त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि पाठ तशीच. मुलांनी त्यांच्या मागची एक रांग मोकळी सोडून त्यामागं बसणं पसंत केलं. बहुधा सवयीनं.

तिवारीजी टेप पुढं पळवायला तयार होईनात. "पुरानी है, टूट जाएगी." त्यामुळे आम्ही काकूंच्या वड्या खात अडतीस मिनिटं बटाट्याची लागवड पाहिली. मी करप्या रोगाबद्दल दोन शब्द बोललो. कोणी थांबवलं नाही, कोणी ऐकलंही नाही. मग निवेदकानं नमस्कार केला, पडदा थरथरला, आणि टाकीचा जिना आला.

पिंकी पायरीवर. काकू वाकल्या. "इदर आ." माझ्या मागे कोणीतरी श्वास ओढला. पण या वेळी लाइट गेली नाही. पिंकी वर गेली. काकूंनी तिला पायरीवर बसवलं, आणि कॅमेरा त्यांच्या हातांवर आला. फणी वरून खाली, सावकाश. एका हातानं मुळाशी केस धरून दुसऱ्या हातानं गुंता सोडवायची ती पद्धत, म्हणजे पोरीला ओढ बसत नाही. तीन पेड. लाल रिबन. सुषमानं डोळ्यांना पदर लावला. मुक्ता पुढच्या मोकळ्या रांगेत येऊन बसली, कधी ते मला कळलं नाही.

"बघा," काकू मागे न वळता म्हणाल्या.

मग कॅमेरा हातांवरून वर गेला, चेहऱ्यावर थांबला, आणि काकू हसल्या.

ते कसं होतं हे सांगणं कठीण आहे. ओठ दोन्हीकडं सारखेच ताणले गेले. वरचे दात सगळे दिसले, मग खालचे. डोळ्यांनी यात भाग घेतला नाही, ते पहिल्यासारखेच आपल्याकडे बघत राहिले. आणि हसू थांबलं नाही. अस्थानाजींनी ते फार वेळ धरलं होतं. पिंकीनं मान वळवून वर पाहिलं, आणि त्या पोरीच्या चेहऱ्यावर जे आलं तो अभिनय नव्हता. नोकरीला लागलेल्या मुलाच्या हातातली वडी खाली पडली. मला तिवारीजींचे ते दोन कप चहा आठवले, आणि राजाजीपुरमचा तो मुलगाही. मनातल्या मनात मी त्याची माफी मागितली.

टेप संपली.

"परत लावा," काकू म्हणाल्या.

तिवारीजींनी घाबरत घाबरत टेप मागं नेली. पुन्हा हात, पुन्हा रिबन, पुन्हा ते. काकू पुढं झुकून, चष्मा सारखा करून बघत होत्या. बाहेर एक कुल्फीवाला घंटा वाजवत गेला.

"हे मी हसायलेय?"

घाटेसाहेबांनी प्रश्न आपल्याला आहे हे ओळखलं. "हो," ते म्हणाले. "लग्नातही असंच हसली होतीस."

"मग तुम्ही पळाला नाहीत ते?"

"आधी अंतरपाट होता." घाटेसाहेब थांबले. "मग उशीर झाला."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग काळ्या पडद्याकडे. तेरा वर्षं ज्या बारा मिनिटांसाठी त्या थांबल्या होत्या ती अशी निघाली होती, आणि खोलीत प्रत्येकाला ते कळलं होतं. मला काहीतरी बोलायला हवं असं वाटत होतं आणि सुचत होता फक्त करपा.

"म्हणजे," काकू सावकाश म्हणाल्या, "लाइट गेली ते बरंच झालं म्हणायचं."

पहिली मुक्ता हसली. मग सगळेच. पाचही जण, पोट धरून, 'काकू आंटी, काकू आंटी' करत. तिवारीजीसुद्धा. काकूंचा चेहरा स्थिर होता आणि हात फणीवर. हसणं ओसरलं तेव्हा त्यांनी कापडी पिशवीतून वही काढली. तीच. पानं पिवळी पडलेली.

नावं वाचायला त्यांनी सुरुवात केली. नसणाऱ्यांना गैरहजर लावत, न थांबता. पहिल्या मुलानं सवयीनं "यस आंटी" म्हटलं, आणि काकूंनी त्याला गैरहजर लावलं. नोकरीला लागलेला माणूस, त्यानं रीतसर विनवण्या करून शेरा बदलून घेतला. बाकीचे मग 'हजर' म्हणाले. मुक्ताचं नाव शेवटी होतं.

"हजर."

"इकडं ये."

मुक्ता गेली आणि त्यांच्या पुढ्यात खाली बसली. काकूंनी फणी काढली, आणि मग तिचं डोकं हातानं फिरवून सगळीकडून पाहिलं. पुण्याला गेल्यापासून मुक्तानं केस पार मानेपर्यंत कापले होते. "ह्यात वेणी कशाची घालू," काकू म्हणाल्या, "कपाळाची?" तरी त्यांनी विंचरलेच. बराच वेळ.

वर्ग काही पुन्हा भरला नाही. भरणार कुठून, मुलं आपापल्या गावी गेली. पण रविवारी दहा वाजता काकूंचा फोन वाजू लागला. कधी बंगळूरहून, कधी पुण्याहून, आणि फोन उचलल्यावर समोरच्याला आधी 'हजर' म्हणावं लागायचं. शाळा सुटायच्या वेळी काकू पुन्हा बाल्कनीत उभ्या राहायला लागल्या, हे मला भाजीवाल्यानं सांगितलं. तराजूची तक्रार करतच सांगितलं.

दोन वर्षांनी ते दोघं मुलाकडे मिरजेला कायमचे निघाले. आम्ही चारबाग स्टेशनवर पोचवायला गेलो, मुक्ताही आली होती. डब्यात त्यांच्या खालच्या बर्थवर एक धिप्पाड गृहस्थ पसरले होते. घाटेसाहेबांनी तिकीट दाखवलं. मी माझ्या उत्तम हिंदीत विनंती केली. "अरे बैठ जाइए न कहीं भी, माताजी, सफ़र ही तो है," म्हणून त्यांनी कूस बदलली. काकूंनी मला बाजूला केलं. त्या वाकल्या, आणि त्या गृहस्थांकडे बघून हसल्या.

ते उठले. बॅग घेऊन उठले आणि दुसऱ्या टोकाच्या डब्याकडे गेले.

आम्ही खाली उतरलो. गाडी सुटली तेव्हा काकू खिडकीशी ताठ बसल्या होत्या, पापणी न हलवता आमच्याकडे बघत. चेहरा तसाच, बाल्कनीतला. काचेतून एवढंच दिसलं की उजवा हात उचलून त्यांनी निरोप दिला आणि डावा खाली, ओच्याकडे गेला.

मुक्तानं माझी बाही ओढली.

"बाबा," ती म्हणाली, "काकू हसतायत."

मी पाहिलं. हसतच होत्या.